रेकॉर्डींची दुकानं आणि गाण्याचे तीन दिवस: मुंबईत पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी

जानेवारी सरता सरता मुंबईत गाण्याची झुंबड उडते. फोर्टात काळा घोडा कला महोत्सव भरतो, फेब्रुवारीत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूज या अमेरिकी संगीतप्रकाराचा महोत्सव होतो आणि माटुंगा, दादर, पार्ल्याच्या सभागृहांत ख्यालाच्या मैफली सुरूच असतात. हवा कोरडी आणि थोडी गार असल्यामुळे भरदुपारीही चालत फिरता येतं. शहरातली उरलेली रेकॉर्डींची स्वतंत्र दुकानं बघायची असतील तर याच दिवसांत बघावीत. स्वतंत्र म्हणजे मालक स्वतः गल्ल्यावर बसतो, माल स्वतः निवडून आणतो आणि त्यातला बराचसा त्याने स्वतः ऐकलेला असतो, अशी दुकानं.

अशा दुकानांसाठी जगभर एक खास दिवसही पाळला जातो. अमेरिकेतल्या स्वतंत्र दुकानदारांनी २००७ साली 'रेकॉर्ड स्टोअर डे'ची कल्पना काढली आणि १९ एप्रिल २००८ रोजी तो पहिल्यांदा साजरा झाला. आजही तो एप्रिलमधल्या एखाद्या शनिवारी येतो. तो जरूर साजरा करा. पण एप्रिलच्या मुंबईत फुटपाथवर उकिडवं बसून रेकॉर्डी चाळायच्या म्हणजे माणूसही तापतो आणि रेकॉर्डही. पहिल्या फेरीसाठी माझं मत फेब्रुवारीला.

आणखी एक मत सुरुवातीलाच सांगते. दुकान आणि मैफल वेगवेगळ्या दिवसांवर ढकलू नका, एकमेकांना जोडून करा. रात्री ऐकलेला राग सकाळी दुकानात शोधला की कान उघडे असतात. दुपारी ऐकलेल्या रेकॉर्डचा बाज संध्याकाळी मंचावर ओळखू येतो. खालचा सगळा बेत या एका गोष्टीवर उभा आहे.

निघण्याआधी: काय शोधायचं आणि कशावर वाजवायचं

दुकानात तीन प्रकारच्या रेकॉर्डी दिसतील. पहिली ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी. बहुतेक दहा इंची, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. ती लाखेची असते, वजनाला जड आणि हातातून पडली तर फुटणारी. दुसरी एल.पी., बारा इंची, मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. अमेरिकेत ती १९४८ साली आली आणि मग आपल्याकडे. एखाद्या रागाचा पसारा सलग ऐकायचा तर हीच घ्यावी. तिसरी सात इंची छोटी रेकॉर्ड, बहुधा ४५ फेऱ्यांची. सिनेमाची आणि भावगीतांची दोन-चार गाणी हिच्यावर मिळतात. स्वस्त असते, सुरुवातीला हात बसवायला उत्तम.

घरी वाजवायचं यंत्र नसेल तरी या फेरीला या, पण यंत्राची खरेदी घाईने याच तीन दिवसांत उरकू नका. सुटकेसच्या आकाराचे स्वस्त प्लेअर दिसायला गोड असतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची सुई मात्र रेकॉर्डवर फार जोर देते आणि ज्यांत गाणं कोरलेलं असतं त्या खाचा झिजवते. चांगल्या टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड फिरवून वाजवणाऱ्या यंत्रावर, सुईचा भार साधारण दीड ते दोन ग्रॅम ठेवतात आणि तो कमीजास्त करायला सुई धरणाऱ्या दांडीच्या मागे वजन असतं. ते वजन नसलेलं यंत्र घेऊ नका. टर्नटेबल आणि स्पीकर यांच्यामध्ये फोनो प्रीअँप, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा भाग, लागतो. काही यंत्रांत तो आतच असतो, म्हणून आधी विचारून घ्या.

७८च्या रेकॉर्डींना वेगळी सुई लागते. त्यांची खाच एल.पी.च्या खाचेपेक्षा जवळजवळ तिप्पट रुंद असते, त्यामुळे एल.पी.ची बारीक सुई तळाशी लोळत राहते आणि खरखरच जास्त ऐकू येते. भोंग्याच्या, चावी देऊन वाजणाऱ्या ग्रामोफोनवर एल.पी. कधीही लावू नका, एका फेरीत ती कायमची बाद होईल. त्या ग्रामोफोनची पोलादी पिनही दर बाजूला बदलायची असते, म्हणून पिनांची डबी सोबतच घ्यावी लागते.

एका छोट्या वहीत पाच-सहा नावं लिहून निघा. गायक, वादक, राग, नाटक, काहीही चालेल, फक्त तुम्हाला मनापासून ऐकायचं असलेलं हवं. 'जुनं काहीतरी दाखवा' म्हटलं तर दुकानदार काय दाखवणार? 'हिराबाई बडोदेकरांचं काही आहे का' म्हटलं की तो मान वर करून तुमच्याकडे बघतो.

शुक्रवार संध्याकाळ: आधी ऐका

शुक्रवारी एक ख्यालाची मैफल गाठा. माटुंगा पश्चिमेचं दादर-माटुंगा कल्चरल सेंटर असो की नरिमन पॉइंटचं एनसीपीए, वर्तमानपत्राच्या मुंबईच्या पानावर चार दिवस आधी नजर ठेवली तर काही ना काही सापडतंच. छोट्या सभागृहांत तिकीट फार नसतं, कधी कधी प्रवेश खुलाच असतो. लवकर जा, पुढे बसा. काय गायलं ते वहीत लिहा: राग, बंदिशीचे पहिले शब्द, घराणं. राग ओळखता आला नाही तर मध्यंतरात शेजारच्याला विचारा. मुंबईच्या मैफलीत या प्रश्नाला कुणी नाही म्हणत नाही, उलट दोन जण मिळून सांगू लागतात.

शनिवार: चोरबाजार, मग फोर्ट

चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. शुक्रवारी ती बंद असतात, म्हणून शनिवारच धरा. मध्य रेल्वेने सँडहर्स्ट रोडला किंवा पश्चिम रेल्वेने ग्रँट रोडला उतरा. अकराच्या आत पोचून उपयोग नाही, बरीच शटर तोवर उघडलेली नसतात.

इथे पितळी भोंग्याचे चकचकीत ग्रामोफोन रांगेने मांडलेले दिसतील. त्यांतले बरेच जुने-नवे भाग जोडून तयार केलेले असतात. दिवाणखान्यात ठेवायला हवा असेल तर खुशाल घ्या, पण एखादी दुर्मीळ ७८ त्यावर वाजवू नका. माझ्या मते चोरबाजारात यंत्रांपेक्षा रेकॉर्डींकडे बघावं. त्या बहुधा गठ्ठ्याने, एकावर एक, धुळीत पडलेल्या असतात आणि दुकानदारालाही आत काय आहे ते पुरतं ठाऊक नसतं. तिथेच नवख्याला संधी असते.

७८च्या गठ्ठ्यात लेबलं वाचायला शिका. कुत्रा आणि भोंगा असलेलं एचएमव्ही सगळ्यांना माहीत असतं. ओडियन, कोलंबिया यांच्याकडेही लक्ष ठेवा, आणि 'यंग इंडिया' दिसलं तर थांबाच. ही मुंबईची देशी कंपनी १९३५ ते १९५५ या काळात चालली. ज्यांना मोठ्या कंपन्यांनी दार उघडलं नव्हतं अशा कितीतरी हौशी आणि नव्या कलाकारांना तिने जागा दिली, मराठी माणसंही त्यांत पुष्कळ. त्यांतली अनेक गाणी पुढे पुन्हा निघालीच नाहीत, त्या एका लाखेच्या चकतीवरच ती आहेत.

भारतात विक्रीच्या रेकॉर्डींसाठी ध्वनिमुद्रण सुरू झालं नोव्हेंबर १९०२ मध्ये, कोलकात्यात. फ्रेड गायस्बर्ग या तंत्रज्ञाने गायिका गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा रेकॉर्डी छापायला जर्मनीतल्या हानोव्हरला जात आणि तिथल्या कामगारांना गाणारी कोण ते कळावं म्हणून गाण्याच्या शेवटी ती स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारी. १९०८ पासून कोलकात्यातच छपाई होऊ लागली. फार जुनी ७८ हाती आली तर शेवटपर्यंत ऐका, नावाची अशी पुकार काही रेकॉर्डींवर आजही सापडते. तीन मिनिटांच्या मर्यादेमुळे तेव्हाच्या गवयांना अख्खा राग मुठीत धरून गावा लागे. नाट्यसंगीताच्या ७८ ऐकताना हे फार जाणवतं: आलापाला वेळच नाही, पहिल्या सुरातच राग उभा.

चोरबाजारातून सँडहर्स्ट रोडला परत येऊन लोकलने सीएसएमटी गाठा. तिथून चालत हुतात्मा चौक. चौकाच्या आसपास फुटपाथवर जुन्या रेकॉर्डींचा ठेला वर्षानुवर्षं लागतो. खोकी, प्लास्टिकच्या पेट्या, भिंतीला टेकवलेल्या एल.पी. आणि त्यांच्यामागे बसलेला जाणकार. शास्त्रीय, जुने हिंदी सिनेमे, गझल, इंग्रजी रॉक, सगळं एकाच ठिकाणी. रविवारी फोर्ट ओस पडतो, त्यामुळे हे काम शनिवारी दुपारीच उरका. आदल्या रात्री लिहिलेली वही इथे काढा. काल मारवा ऐकला असेल तर मारवा मागा.

रेकॉर्ड हातात घेतल्यावर

हा भाग सावकाश वाचा, कारण पैसे इथेच वाचतात.

रेकॉर्ड कव्हरमधून ओढून काढू नका. कव्हर किंचित फुगवून ती तळहातावर घसरू द्या. अंगठा काठावर, बाकीची बोटं मधल्या लेबलखाली. खाचांना बोट लागता कामा नये, घामाचा डाग तिथे कायमचा बसतो आणि मुंबईत त्यावर बुरशी धरते.

आधी कव्हरवरचं नाव आणि लेबलवरचं नाव जुळतं का ते बघा. जुन्या मालात कव्हर एकाचं आणि आत रेकॉर्ड दुसऱ्याची, असं सर्रास असतं. दोन रेकॉर्डींच्या संचात तर दोन्ही काढून बघाच.

मग उजेडाकडे तिरकी धरून बघा. बारीक, केसासारख्या रेघा असल्या तर फार बिघडत नाही. एखादा चरा ठळक दिसला तर त्यावरून नख हलकेच आडवं फिरवा. नखाला लागला तर सुईलाही लागणार. खाचेच्या दिशेने गेलेला चरा जास्त वाईट, कारण तिथे सुई अडकून तेच तेच वाजत राहते. पांढुरके ठिपके बुरशीचे असतात. वरवरचे असले तर धुऊन निघतात, खोल गेले असतील तर त्यांची खरखर राहते.

आता डोळ्याच्या रेषेत आडवी धरा आणि हळूच फिरवा. काठ वरखाली झाला तर रेकॉर्ड वाकली आहे. थोडा बाक सुई सांभाळून घेते, जास्त असेल तर ठेवून द्या. मग मधलं भोक बघा. लेबलवर भोकाभोवती बारीक रेघांचं जाळं असेल तर रेकॉर्ड पुष्कळदा लावली गेली आहे: यंत्राचा खुंटा शोधताना पडलेल्या खुणा त्या. वरून लखलखीत पण भोकाभोवती जाळं, अशी रेकॉर्ड जड सुईखाली झिजलेली असू शकते. ७८ असेल तर काठ सगळीकडून बघा, केसभर तडा काठापासूनच सुरू होतो.

एचएमव्हीच्या जुन्या एल.पी.च्या क्रमांकातली अक्षरंही ओळखीची करून घ्या. ईसीएलपीने सुरू होणाऱ्या मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज देणाऱ्या, ईसीएसडीने सुरू होणाऱ्या स्टिरिओ, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा देणाऱ्या. मोनो म्हणजे कमी दर्जाची असं मुळीच नाही. जुन्या गायकांचा आवाज मोनोत कधी कधी जास्त भरीव वाटतो.

काही दुकानं कव्हरवर दर्जाची अक्षरं लिहितात. एनएम म्हणजे जवळजवळ नवी, व्हीजी प्लस म्हणजे किरकोळ खुणा असलेली, व्हीजी म्हणजे गाणं नीट ऐकू येईल पण मागे खरखर असेल. नुसतं जी लिहिलेली फक्त तेव्हा घ्या, जेव्हा ते गाणं दुसरीकडे कुठेच मिळणार नसेल. शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा उपाय म्हणजे लावून ऐकणं. 'दोन मिनिटं लावता का?' हे विचारायला संकोच नको. चांगला दुकानदार लावतोच. फुटपाथवर यंत्र नसेल तर वरच्या सगळ्या तपासण्या दुप्पट नीट करा.

भाव आणि वागणं

नव्या कोऱ्या एल.पी.ला आज दोन हजारांच्या पुढे पडतात. जुन्यांचा भाव नाव आणि अवस्था बघून ठरतो. सत्तरच्या दशकातल्या गाजलेल्या हिंदी सिनेमांना, विशेषतः राहुलदेव बर्मन यांच्या संगीताला, मागणी जबर आणि भावही तसाच. भजनं, नाट्यगीतं, भावगीतं आणि वाद्यसंगीत त्या मानाने अजून आवाक्यात आहे. मराठी माणसासाठी ही आनंदाची गोष्ट आहे, आणि थोडी दुःखाचीही.

चोरबाजारात घासाघीस चालते. फोर्टात थोडीफार चालते, तीन-चार एकदम घेतल्या की भाव उतरतो. दुकानात छापील किंमत असेल तर तीच द्या. दुकानदाराच्या तोंडावर मोबाइलमधला परदेशातला भाव नाचवू नका. त्याने ती रेकॉर्ड कुणाच्या तरी पोटमाळ्यावरून उतरवून, धुऊन, जपून ठेवली आहे, त्याचे ते पैसे आहेत. रेकॉर्डी जिथून काढल्या तिथेच त्याच क्रमाने ठेवा, फोटो काढण्याआधी विचारा. तासभर चाळून झाल्यावर निदान एखादी सात इंची तरी घ्या.

आणि एक प्रश्न जरूर विचारा: 'खाली, मागे अजून काही आहे का?' सगळा माल दर्शनी मांडायला कुठल्याच छोट्या दुकानात जागा नसते. १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात पाठवायच्या सोनेरी तबकडीसाठी गोव्याच्या केरीत जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहां हो', निवडली गेली. ती रेकॉर्ड तेव्हा बाजारात मिळेना. शेवटी सापडली न्यूयॉर्कमध्ये, एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात. आज ती भैरवी सगळ्या ग्रहांपलीकडे, ताऱ्यांमधल्या अवकाशात गेली आहे. कुणीतरी त्या दुकानात शिरून विचारलं होतं.

शनिवार संध्याकाळ: काळा घोडा

हुतात्मा चौकातून काळा घोडा चालत दहा मिनिटांवर. महोत्सव १९९९ पासून भरतो, नऊ दिवस चालतो आणि कार्यक्रमांना प्रवेश विनामूल्य असतो. गाण्याच्या जागा दर वर्षी थोड्या बदलतात, क्रॉस मैदान आणि एशियाटिकच्या पायऱ्या गेली अनेक वर्षं गाजल्या आहेत. वेळापत्रक आदल्या दिवशी बघा आणि एकच कार्यक्रम ठरवा. तीन ठिकाणी धावलात तर तिन्ही अर्धे ऐकाल. हातात रेकॉर्डी असतील तर गर्दीचा काठ धरून बसा, ढकलाढकलीत कव्हरचे कोपरे आधी मोडतात. एल.पी.चं कव्हर साधारण एकतीस सेंटिमीटर चौकोनी असतं, म्हणून त्याहून थोडी मोठी, कडक बुडाची पिशवी घरूनच आणा.

जहांगीर आर्ट गॅलरीसमोर ऱ्हिदम हाउस होतं. चाळीसच्या दशकात सुरू झालेलं हे दुकान २०१६ च्या फेब्रुवारीत बंद झालं. ऐकून बघायला वेगळ्या खोल्या असलेलं, मुंबईच्या कित्येक पिढ्यांना शास्त्रीय संगीत, जाझ आणि रॉक एकाच छताखाली देणारं. ते बंद होताना शेवटच्या दिवसांत लोकांची रीघ लागली होती. तीच रीघ आज उघड्या असलेल्या दुकानांत लागावी, म्हणूनही हा खटाटोप.

रविवार: माहीम आणि वांद्रे

माहीम पश्चिमेला द रिव्हॉल्व्हर क्लब आहे. रेकॉर्डी आणि त्या वाजवायची यंत्रं, दोन्ही इथे मिळतात, आणि बसून ऐकता येतं. चोरबाजारचा धुरळा अनुभवल्यावर इथली नीटनेटकी मांडणी नवख्याला फार आधार देते. निघण्याआधी वेळ फोन करून विचारा. माहीमला रिक्षा चालत नाहीत, टॅक्सी करा किंवा स्टेशनवरून चालत जा. टर्नटेबलबद्दलच्या सगळ्या शंका इथेच विचारा: भार कसा लावायचा, सुई किती तासांनी बदलायची, तुमच्या घरातल्या स्पीकरला काय जुळेल.

त्या रविवारी ब्लूज महोत्सव असेल तर दुपारी इथे मडी वॉटर्स किंवा बी. बी. किंगची एखादी बाजू ऐका आणि मग एक स्टेशन पुढे वांद्र्याला जा. मेहबूब स्टुडिओतला हा महोत्सव २०११ मध्ये सुरू झाला आणि शिकागो ब्लूजचे बडी गाय इथे अनेकदा वाजवून गेले आहेत. तिकिटं आधी काढावी लागतात. ब्लूज आवडत नसेल किंवा तारखा जुळत नसतील तर माटुंग्याची मैफल आहेच. नव्या बँडच्या कार्यक्रमाला गेलात तर बाहेरच्या टेबलावर त्यांची स्वतःची सीडी किंवा रेकॉर्ड असते का ते बघा. तिथे दिलेले पैसे थेट कलाकाराच्या हातात पडतात.

पुण्याच्या वाचकांनी हाच बेत डिसेंबरात आखावा. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो आणि जुना बाजार बुधवारी व रविवारी भरतो. रविवारी सकाळी बाजार, नंतर सवाई.

घरी आल्यावर

एल.पी. धुवायला डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एखादा थेंब आणि मऊ मायक्रोफायबरचं फडकं. खाचांच्या दिशेने गोल पुसा, लेबल कोरडं ठेवा, साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुसून घ्या आणि उभी करून सावलीत वाळवा. ७८ला स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं काहीही लावू नका, लाख त्यात विरघळते. ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडी करा.

रेकॉर्डी नेहमी उभ्या ठेवा, एकमेकींना टेकून पण दाबून नाही. आतलं जुनं कागदी पाकीट फाटलं असेल तर बदला. बाहेरच्या प्लास्टिकचं तोंड उघडं असू द्या. पावसाळ्यात हवाबंद पिशवीत ओल कोंडते. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्यातून एकदा प्रत्येक रेकॉर्ड निदान हलवून तरी ठेवा.

आणखी खोलात जायचं असेल तर १९९० पासून चालू असलेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आणि तिचं 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक शोधा. कुठला गायक, कुठलं लेबल, कुठला क्रमांक, याची माहिती तिथल्या संग्राहकांनी जन्मभर खपून जमवली आहे.

वहीत दुकान, तारीख, किंमत आणि अवस्था लिहून ठेवा. जी नावं मिळाली नाहीत त्यांची चिठ्ठी करून, खाली तुमचा फोन नंबर लिहून, तिन्ही ठिकाणी देऊन या. 'अमुक आलं की कळवा' एवढं पुरे. फोन आला की त्याच आठवड्यात जा. गिऱ्हाईक येणार की नाही हे माहीत नसताना कुठलाच दुकानदार रेकॉर्ड फार दिवस बाजूला काढून ठेवू शकत नाही.